लहान प्रेसबिटेरियन मंडळीचा वसंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारची उपासना संपते, लोक दाराशी येतात आणि तिथे खरे प्रश्न सुरू होतात. राख का लावली? लावली नाही, तर का नाही? प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत घेतली जाणारी भाकर आणि प्याला, मला चालेल का? एवढ्या थोड्या लोकांत सगळं निभतं कसं? काही वर्षं अशा एका लहान मंडळीत, म्हणजे चर्चच्या स्थानिक समुदायात, वडील (कारभारासाठी निवडलेला ज्येष्ठ सदस्य) म्हणून सेवा करताना हे प्रश्न मी इतक्यांदा ऐकले, की उत्तरं एकदा नीट लिहून काढावीत असं वाटलं. प्रेसबिटेरियन परंपरेला प्रश्नोत्तरांची सवय जुनी आहे. इंग्लंडच्या संसदेने बोलावलेल्या धर्मपंडितांच्या वेस्टमिन्स्टर सभेने १६४७ साली तयार केलेल्या लघु प्रश्नोत्तरीत १०७ प्रश्न आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ते पाठ केले. प्रश्न विचारणाऱ्याला आम्ही परका समजत नाही, त्याचं मूळ तिथेच असावं.

प्रेसबिटेरियन म्हणजे नेमकं काय?

ग्रीक भाषेत 'प्रेसबिटेरॉस' म्हणजे वडील. ज्या मंडळीचा कारभार निवडलेल्या वडिलांच्या हाती असतो, ती प्रेसबिटेरियन. नव्या करारात प्रत्येक मंडळीत वडील नेमल्याचा उल्लेख येतो (प्रेषितांची कृत्ये १४:२३). त्याच धाग्यावर धर्मसुधारक जॉन कॅल्विनने १५४१ साली जिनिव्हातल्या मंडळीची घडी बसवली: पाळक (उपदेश आणि उपासना चालवणारे), शिक्षक, वडील आणि डीकन (मदतीची सेवा करणारे) अशी चार पदं. जॉन नॉक्स जिनिव्हात राहून स्कॉटलंडला परतला आणि १५६० मध्ये तिथली धर्मसुधारणा याच वळणाने गेली. पुढे स्थलांतर करणाऱ्यांबरोबर आणि मिशनऱ्यांबरोबर ही पद्धत जगभर पसरली.

आमच्याकडे बिशप नसतो. मंडळीचे वडील आणि पाळक मिळून 'सेशन' होतं, परिसरातल्या अनेक मंडळ्यांची मिळून 'प्रेसबिटेरी'. त्यावर सिनड किंवा जनरल असेंब्ली या आणखी मोठ्या सभा. एकट्या माणसाने ठरवलं आणि झालं, असं कुठल्याच पायरीवर होत नाही. निर्णयांना वेळ लागतो, हे खरं. मला ती किंमत मान्य आहे.

'लहान' म्हणजे किती लहान?

आकडा सांगण्यापेक्षा खूण सांगतो. कोण आलं नाही हे न मोजता कळतं, ती लहान मंडळी. तिसऱ्या बाकावरची कडेची जागा रिकामी दिसली की पहिलं गीत संपायच्या आत चार जणांच्या मनात एकच नाव आलेलं असतं.

सगळी धांदल वसंतातच का? आणि ईस्टरची तारीख दरवर्षी का बदलते?

कारण आमच्या विश्वासाचा कणा या काही आठवड्यांत आहे. राखेचा बुधवार, लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या तयारीचे चाळीस दिवस, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), पुनरुत्थानाचा दिवस म्हणजे ईस्टर, मग स्वर्गारोहण आणि पेंटेकॉस्ट (पवित्र आत्मा आल्याचा सण), सगळं एकामागोमाग येतं. येशूचं मरण आणि पुनरुत्थान यहूदी लोकांच्या वल्हांडणाच्या सणात घडलं आणि तो सण चांद्र पंचांगाने वसंतात येतो. म्हणून ईस्टरही चंद्रावर चालतो: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. ईस्टर सगळ्यांनी एकाच रविवारी पाळावा, हे ३२५ साली निकियाच्या परिषदेने ठरवलं. ही पौर्णिमा चर्चच्या कोष्टकातली असते, त्यामुळे आकाशातल्या पौर्णिमेशी क्वचित एखाद्या दिवसाचा फरक पडतो. पाश्चात्त्य गणनेत ईस्टर लवकरात लवकर २२ मार्चला आणि उशिरात उशिरा २५ एप्रिलला येतो. २०२५ मध्ये तो २० एप्रिलला होता, २०२६ साठी ५ एप्रिल, २०२७ साठी २८ मार्च. अगदी शेवटची तारीख, २५ एप्रिल, २०३८ मध्ये येईल.

लहान मंडळीसाठी ही तारीख फार महत्त्वाची ठरते. ईस्टर मार्चमध्ये आला की वर्षाचा हिशोब आणि वार्षिक सभा जेमतेम आटोपलेली असते आणि लेंट दारात उभा असतो. तीच माणसं दोन्हीकडे लागतात.

दक्षिण गोलार्धात तर तेव्हा शरद असतो ना?

हो. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेतल्या प्रेसबिटेरियन मंडळ्या पानगळीत ईस्टर पाळतात. कोंब आणि कळ्यांची उपमा तिथे उपदेशात चालत नाही, आणि पुनरुत्थानाचं त्यावाचून काही अडत नाही. रिकामी कबर ऋतूवर अवलंबून नाही. आम्हीही हे लक्षात ठेवलेलं बरं, नाहीतर ईस्टरचा उपदेश फुलझाडांवरचं व्याख्यान होऊन बसतो.

लेंट पाळलाच पाहिजे का? उपवास सक्तीचा असतो का?

नाही. आणि या 'नाही'ला मोठा इतिहास आहे.

१५२२ साली झुरिकमध्ये एका मुद्रकाच्या घरी लेंटच्या दिवसांत मुद्दाम मांसाहार करण्यात आला. तिथला पाळक उल्रिख झ्विंग्ली तिथे हजर होता. त्याने स्वतः खाल्लं नाही, पण नंतर उपदेशातून त्यांची बाजू घेतली: शास्त्राने जे बंधन घातलं नाही, ते चर्चने माणसाच्या विवेकावर लादू नये. आम्ही ज्या सुधारित परंपरेतले, तिची सुरुवातच अशी झाली. वेस्टमिन्स्टर सभेच्या १६४५ च्या उपासना-मार्गदर्शिकेत तर सणांचे दिवस पुढे चालू ठेवू नयेत असं स्पष्ट लिहिलं आहे, कारण देवाच्या वचनात त्यांना आधार नाही. त्या काळच्या प्रेसबिटेरियनांना प्रत्येक रविवार पुनरुत्थानाचा दिवस होता आणि तेवढा पुरेसा होता.

चर्चचं वार्षिक चक्र आमच्याकडे हळूहळू परत आलं, विशेषतः विसाव्या शतकात. काही प्रेसबिटेरियन मंडळ्या आजही लेंट पाळत नाहीत आणि त्यांचं कारण विचारपूर्वक आहे. त्यांना कमी लेखू नये. आमच्यासारख्या ज्या मंडळ्या पाळतात, त्या एक वाट म्हणून पाळतात. कुणी उपवास करतं, कुणी रोज स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र वाचतं, कुणी वर्षानुवर्षं न बोललेल्या भावाला पत्र लिहितं. काय सोडलं, हे कुणी कुणाला विचारत नाही.

बुधवारी संध्याकाळी आम्ही आठ-दहा जण जमतो. मार्कच्या शुभवर्तमानाचा एक तुकडा वाचायचा, पाच मिनिटं गप्प बसायचं, मग ज्याला बोलावंसं वाटेल त्याने बोलायचं. वर्षभरातल्या सगळ्या सभांमध्ये मला हीच सर्वांत प्रिय आहे. मोठ्या मंडळीत असा शब्द न बोलता गेलेला वेळ लोकांना अवघडवतो. इथे एकमेकांच्या श्वासाचीही ओळख झालेली असते.

चाळीस दिवस मोजताना रविवार धरत नाहीत, म्हणून राखेचा बुधवार ईस्टरच्या ४६ दिवस आधी येतो. हे कोडं दरवर्षी कुणीतरी घालतंच.

मग कपाळावर राख लावता का?

मंडळीगणिक वेगळं उत्तर मिळेल. आमच्याकडे लावतात, ज्याला हवी त्याला. मागच्या वर्षीच्या झावळ्या जाळून ती राख करायची, म्हणजे 'होसान्ना' हा येशूच्या स्वागताचा जयघोष म्हणत हलवलेल्या त्याच झावळ्या वर्षभराने कपाळावर येतात. माणूस माती आहे आणि मातीला मिळणार, हे उत्पत्तीच्या पुस्तकातलं सत्य पाळक प्रत्येकाला उच्चारून सांगतात. ज्यांच्या घरी त्या वर्षी कुणी गेलं आहे, त्यांना ते वाक्य ऐकवणं पाळकाला जड जातं. मी ते समोरून पाहिलं आहे.

झावळ्यांच्या रविवारी मुलं किती असतात? मिरवणूक होते का?

कधी दोन, कधी सात. दोन असली तरी मिरवणूक होते. मुलं कमी पडली तर सगळी मंडळी उठते आणि झावळ्या घेऊन मधल्या वाटेने पुढे जाते, काठी टेकणारेही. आता आम्हाला हेच जास्त आवडतं.

पवित्र गुरुवार आणि उत्तम शुक्रवार कसा पाळता?

गुरुवारी संध्याकाळी प्रभुभोजन. ज्या रात्री येशू धरून दिला गेला त्या रात्रीची आठवण म्हणून बाकं सोडून एका लांब टेबलाभोवती बसतो. स्कॉटलंडमध्ये प्रभुभोजन टेबलाशी बसून घेण्याची जुनी रीत होती, आणि लहान संख्येचा हा एक फायदा की सगळे एका टेबलाशी मावतात. योहानाच्या १३ व्या अध्यायातली 'एकमेकांवर प्रीती करा' ही नवी आज्ञा वाचली जाते. काही ठिकाणी पाय धुतात. आम्ही एक वर्ष केलं, दोन वयस्क सदस्यांना खाली वाकणं जमेना आणि त्यांना कानकोंडं वाटलं. त्यानंतर हात धुतो. एकाने दुसऱ्याच्या हातावर पाणी घालायचं.

शुक्रवारी उपदेश नसतो. दुःखसहनाची कथा सात-आठ भागांत वाचतात, प्रत्येक भागानंतर एक दिवा मालवतात, शेवटी अंधारात घरी जायचं, न बोलता. वाचणारे सगळे मंडळीतलेच. पेत्र या शिष्याने येशूला नाकारल्याचा भाग कुणी वाचायचा हे आम्ही विचार करून ठरवतो, कारण वाचणाऱ्याचा आवाज वर्षभर सगळ्यांच्या कानात राहतो.

प्रभुभोजन किती वेळा होतं? बाहेरच्या माणसाने घेतलं तर चालतं का?

कॅल्विनला ते आठवड्यातून निदान एकदा हवं होतं. जिनिव्हाच्या नगरसभेने ते मानलं नाही आणि १५४१ मध्ये वर्षातून चार वेळा असं ठरलं: नाताळ, ईस्टर, पेंटेकॉस्ट आणि सप्टेंबरचा पहिला रविवार. चारातले दोन वसंतातले. स्कॉटलंडच्या सुधारकांनी १५६० मध्ये संख्या तीच ठेवली, पण मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर यांचे पहिले रविवार सुचवले. ईस्टरच्या दिवसाभोवती अंधश्रद्धा चिकटू नये म्हणून तो त्यांनी जाणूनबुजून टाळला. एकाच घराण्यातल्या दोन भावंडांनी एकाच प्रश्नाला दोन उत्तरं दिली, आणि दोघांचा हेतू प्रामाणिक होता. आज कुठे दर आठवड्याला, कुठे महिन्यातून एकदा, कुठे वर्षातून चार वेळा होतं. वेळा सेशन ठरवतं.

एके काळी वडील घरोघरी जाऊन सदस्यांची तयारी पाहत आणि प्रत्येकाला धातूचा एक छोटा बिल्ला देत. बिल्ला दाखवल्याशिवाय टेबलाशी बसता येत नसे. आज बहुतेक ठिकाणी बाप्तिस्मा झालेल्या आणि येशूवर विश्वास ठेवणाऱ्या कुणालाही, तो कुठल्याही मंडळीचा असो, बोलावणं असतं. काही मंडळ्या अजून अधिक काळजी घेतात, तेव्हा आधी विचारून घ्यावं. घ्यायचं नसेल तर भाकर आणि प्याला नुसता पुढे द्यायचा, कुणी वळून बघत नाही.

त्या बिल्ल्यांचा मी पुष्कळ विचार करतो. अडवणं हा त्यातला भाग गेला, ते चांगलंच झालं. पण प्रभुभोजनाआधी कुणीतरी घरी येऊन 'तुझं कसं चाललंय, देवाशी आणि घरच्यांशी?' असं विचारत होतं, तेही त्याबरोबर गेलं. आमच्या सेशनने ते परत आणायचा प्रयत्न केला आहे. ईस्टरआधीच्या तीन आठवड्यांत प्रत्येक वडील आपल्या वाट्याच्या घरी एकदा जातात. परीक्षा घ्यायला नव्हे, प्रार्थना करायला.

ईस्टरच्या पहाटेची उपासना कुठे होते?

शक्य असेल तिथे दफनभूमीत. १७३२ साली जर्मनीतल्या हेर्नहुट इथे मोरेव्हियन मंडळीने आपल्या कबरींपाशी सूर्योदयाला ईस्टर गायला आणि ती रीत इतर मंडळ्यांनी उचलली. लघु प्रश्नोत्तरीचं ३७ वं उत्तर सांगतं की विश्वासणाऱ्यांचे देह ख्रिस्ताशी जोडलेलेच असतात आणि पुनरुत्थानापर्यंत कबरीत विसावा घेतात. लहानपणी पाठ केलेलं हे वाक्य आईच्या कबरीपाशी, गार वाऱ्यात उभं राहून आठवलं, तेव्हा त्याचा अर्थ मला पहिल्यांदा कळला. गरम कपडे घालून या. खाली दव असतं.

ईस्टरला बाकं भरतात आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेवढेच लोक. वाईट वाटत नाही का?

वाटतं. आधी खूप वाटायचं.

एका वर्षी आम्ही सगळी शक्ती ईस्टरवर लावली. जास्तीची गीतं बसवली, फुलं, मुलांचं नाट्यवाचन, पहाटेची वेगळी उपासना. दिवस सुंदर झाला. पुढच्या रविवारी जो तो थकलेला. वाजवणारे सुट्टीवर, शास्त्रवाचन करणाऱ्याचं नाव ठरवायचंच राहून गेलं, पाळक बाहेरगावी आणि बदली उपदेशकाला उशीर झाला. ईस्टरला पहिल्यांदा आलेली एक बाई त्या रविवारी परत आली होती. अर्ध्या मनाने चाललेली ती उपासना तिने शेवटपर्यंत सोसली. त्यानंतर ती आली नाही. दोष आमचाच होता, आणि तो मला अजून बोचतो.

तेव्हा मी योहानाचा विसावा अध्याय पुन्हा वाचला. पहिल्या ईस्टरच्या संध्याकाळी शिष्य दारं बंद करून बसले होते. येशूला धरून देणारा यहूदा आता त्यांच्यात नव्हताच, आणि थोमाही नव्हता. पुनरुत्थित प्रभू आला आणि त्या दिवशी थोमा हजर नव्हता! बाकीच्यांनी त्याला गाठून सांगितलं, 'आम्ही प्रभूला पाहिलं.' त्याने मानलं नाही. तरी आठ दिवसांनी ते पुन्हा एकत्र होते आणि या वेळी थोमा त्यांच्यात होता. विश्वास बसला नव्हता, तरी त्याला कुणी बाहेर ठेवलं नव्हतं. 'माझा प्रभू, माझा देव' हे शब्द निघाले ते या दुसऱ्या रविवारी, मूठभर लोकांत.

तेव्हापासून आमचा वसंत वेगळा आखला जातो. ईस्टर हा पन्नास दिवसांचा काळ आहे, पुनरुत्थानापासून पेंटेकॉस्टपर्यंत, आणि टेबलावरचं पांढरं वस्त्र तोवर तसंच राहतं. नवी गीतं आता ईस्टरनंतरच्या सहा रविवारांसाठी राखून ठेवतो. ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारची जबाबदारी लेंट सुरू व्हायच्या आधीच नावानिशी वाटलेली असते, आणि पाळक सुट्टी घेतात ती दुसऱ्या आठवड्यात. त्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक वडील दोन-तीन फोन करतात. पाहुण्यांच्या मागे लागत नाही, त्यांना हाताने लिहिलेलं एक पत्र जातं, बस. फोन होतात ते आमच्यातल्या थोमांना: जे ईस्टरलासुद्धा आले नाहीत, कुणाशी बिनसलं म्हणून, शोकात आहेत म्हणून, किंवा आता काही खरं वाटत नाही म्हणून.

यातून बाकं भरत नाहीत. माणसं परत येतात, एकेक करून. तीन वर्षांनी परत आलेल्या एका गृहस्थांनी मला सांगितलं की कुणीतरी दर वसंतात फोन करत होतं, एवढंच कारण होतं.

वडील नेमकं करतात काय? स्त्रिया वडील होऊ शकतात का?

उपासनेच्या वेळा ठरवणं, नवे सदस्य घेणं, प्रभुभोजनाची व्यवस्था, पैशांवर लक्ष, आणि पाळकाबरोबर मंडळीची आत्मिक काळजी. वडिलांची निवड मंडळी करते आणि त्यांना हात ठेवून दीक्षा दिली जाते. आजारी माणसाने मंडळीच्या वडिलांना बोलवावं आणि त्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना करावी, असं याकोबाच्या पत्रात आहे (५:१४). मला वाटतं आमच्या कामाचं गाभ्याचं वर्णन हेच. सेशनच्या सभेचं टिपण त्यापुढे दुय्यम.

स्त्रियांबद्दल संस्थासंस्थांत फरक आहे. चर्च ऑफ स्कॉटलंडने १९६६ मध्ये स्त्रियांना वडीलपद आणि १९६८ मध्ये पाळकपद खुलं केलं. अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रेसबिटेरियन संस्थेने तेच १९३० आणि १९५६ मध्ये केलं होतं. काही संस्था आजही हे मानत नाहीत. आमच्या सेशनमध्ये स्त्रिया आहेत, आणि घरभेटींचं काम त्यांच्यामुळे कितीतरी खोल झालं, हे मी जवळून पाहिलं आहे.

डीकन आणि वडील यांत काय फरक?

डीकन मदतीची सेवा करतात. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय: विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं, म्हणून सात जण निवडले गेले. ग्लासगोत थॉमस चाल्मर्सने १८१९ पासून आपल्या पॅरिशचे, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचे, लहान लहान भाग पाडून प्रत्येक भागाला डीकन दिले, ते घरोघरी जाऊन गरज समजून घेत. आमच्याकडे दोनच डीकन आहेत. हिवाळाभर घरात अडकलेल्या वृद्धांना बाहेर आणणं हे त्यांचं वसंतातलं पहिलं काम: गाडीने आणणं, डोळे तपासायला नेणं, बागेत बसवणं. ज्यांना येता येत नाही त्यांच्याकडे ईस्टरच्या आठवड्यात पाळक आणि एक वडील प्रभुभोजन घेऊन जातात.

पाळक पूर्णवेळ नसतील तर?

अनेक लहान मंडळ्यांना ते परवडत नाही. दोन-तीन मंडळ्या मिळून एक पाळक ठेवतात, किंवा पाळक अर्धवेळ दुसरी नोकरी करतात, किंवा प्रशिक्षण घेतलेले वडील प्रेसबिटेरीच्या परवानगीने उपदेश करतात. अडचण ईस्टरच्या सकाळी येते, कारण सगळ्या मंडळ्यांना दहाची वेळ हवी असते. मंडळ्यांनी दरवर्षी आळीपाळीने पहाटेची, सकाळची आणि संध्याकाळची वेळ घ्यावी, हा मला न्याय्य मार्ग वाटतो. संध्याकाळची वेळ वाट्याला आली तर नाराज होऊ नका. पुनरुत्थानाच्या दिवशी अम्माऊस गावाच्या वाटेवर येशू भेटलेल्या दोन शिष्यांनी प्रभूला ओळखलं तेव्हा दिवस उतरला होता.

क्वायर नसताना गाणं कसं होतं?

सगळे गातात. स्तोत्रं एकत्र गाणं ही सुधारित मंडळ्यांची पहिली ओळख, आणि स्कॉटलंडच्या अनेक मंडळ्यांत शतकानुशतकं वाद्य नव्हतंच. एक जण ओळ म्हणायचा आणि बाकीचे उचलायचे. वाजवणारं कुणी नसेल त्या रविवारी आम्हीही तसंच करतो.

पेंटेकॉस्टला काय असतं?

टेबलावर लाल वस्त्र, आणि बहुतेक वर्षी विश्वासाची कबुली. आमच्याकडे विश्वासणाऱ्यांच्या बाळांना बाप्तिस्मा देतात, देवाच्या कराराची खूण म्हणून. ते मूल मोठं झालं की स्वतःच्या तोंडाने सगळ्यांसमोर कबुली देतं. त्याची तयारी लेंटपासून चालते, प्रत्येक मुलाबरोबर एक मोठा माणूस जोडीला देऊन. ज्या वर्षी एकच मूल असतं, त्या वर्षी त्याचा वर्गही भरतो. अशा एका मुलीने मला विचारलं होतं, 'मी नाही म्हटलं तर?' मी सांगितलं, तर नाही. पुढच्या वर्षी विचारू, आणि तोवर तू आमचीच आहेस. तिने दोन वर्षांनी हो म्हटलं.

इमारतीचं काय? पैसे कुठून येतात?

हिवाळ्यानंतर छत, पन्हाळी आणि ओल आलेल्या भिंती तपासाव्या लागतात. एक शनिवार ठरवून सगळे येतात. त्या दिवशी खिडक्या पुसायला शेजारीही येतात, यातले काही उपासनेला कधी येत नाहीत, पण व्यसनमुक्तीचा गट आमच्या तळघरात भरतो म्हणून इमारत त्यांचीही आहे. पैसे सदस्यांच्या अर्पणातून येतात. ईस्टरचं अर्पण आम्ही स्वतःसाठी ठेवत नाही, गरजूंच्या मदतीला देतो. खजिनदारांना ते दरवर्षी कठीण जातं, तरी तेच ठराव मांडतात.

मंडळी लहान आहे म्हणजे ती संपत चालली आहे का?

कधी कधी हो. खोटा धीर मी देणार नाही. काही मंडळ्या एकमेकींत मिसळतात, काही बंद होतात, आणि त्या वेळी प्रेसबिटेरी जवळ असते, कारण कुठलीच मंडळी एकटी नाही हे या रचनेत आधीपासून धरलेलं आहे. पण लहान असणं आणि मरत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी पाहतो ते असं: एकमेकांची खबर घेतात का? मूल रडलं तर वळून हसतात की कपाळाला आठी घालतात? बाहेरच्या कुणासाठी प्रार्थना होते का, की फक्त आपल्या छतासाठी? यांची उत्तरं बरी असतील, तर संख्या किती ही चिंता सेशनने करावी, सगळ्या मंडळीने नाही.

घड्याळं पुढे करतात त्या रविवारी उशीर झाला तर?

अनेक देशांत वसंतातल्या एका रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं. त्या दिवशी निम्मे लोक उपदेशाच्या मध्यात येतात. दार उघडं असतं, सरळ आत या.

पहिल्यांदा यायचं आहे. कधी येऊ?

ईस्टरला याच. पण निवड करायची तर त्यानंतरच्या रविवारी या, आम्ही रोज असतो तसे भेटू. साधे कपडे चालतात. दाराशी उपासनेची पत्रिका मिळेल, तिच्यात कधी उभं राहायचं ते लिहिलेलं असतं. बसून राहिलात तरी चालतं. प्रेषितांचा मतांगीकार (विश्वासाची जुनी जाहीर कबुली) आणि प्रभूची प्रार्थना पत्रिकेच्या मागच्या पानावर छापलेली आहे. सुरुवातीला पाळक म्हणतात, 'ख्रिस्त उठला आहे!' आणि सगळे उत्तर देतात, 'तो खरोखर उठला आहे!' हे पेंटेकॉस्टपर्यंत दर रविवारी होतं. तिसऱ्या बाकाची कडेची जागा तेवढी सोडून बसा. तिथे बसणाऱ्या आजी दवाखान्यातून घरी आल्या आहेत, आणि त्या रविवारी डीकन त्यांना घेऊन येणार आहेत.